गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि टेबलावरची स्थिती: नव्या निवासी डॉक्टरांसाठी

रुग्णाला टेबलावर योग्य स्थितीत ठेवण्याचे काम बहुधा सर्वांत कनिष्ठ डॉक्टरांच्या वाट्याला येते आणि म्हणूनच ते किरकोळ मानले जाते. माझा अनुभव असा, की गुदाशयाची शस्त्रक्रिया सोपी जाणार की अवघड, हे बरेचसे तिथेच ठरते.

आज सर्वाधिक वापरली जाणारी स्थिती ब्रिटिश शल्यचिकित्सक लॉइड-डेव्हिस यांनी १९३९ मध्ये मांडली: रुग्ण उताणा, पाय स्टिरपमध्ये (पाय उचलून धरणाऱ्या आधारांत) विलग ठेवलेले आणि डोक्याकडची बाजू खाली. टेबल उजवीकडेही कलवले की लहान आतडे ओटीपोटातून आपोआप बाजूला सरकते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत मांड्या पोटाच्या पातळीपेक्षा उंच राहिल्या, तर उपकरणांच्या मुठी गुडघ्यांना अडतात. आणि नितंब टेबलाच्या कडेपर्यंत आणलेले नसतील, तर गुदद्वारातून स्टेपलर (आतडे जोडण्याचे उपकरण) घालण्याची वेळ आल्यावर अडचण कळते, पण तेव्हा रुग्णाला सरकवणे फार कठीण असते.

गाठ इतकी खाली असेल की गुदद्वारासह सर्व भाग काढावा लागतो, तेव्हा खालच्या टप्प्यासाठी रुग्णाला पालथे करावे का, हा प्रश्न येतो. स्टॉकहोममधील होल्म यांच्या गटाने २००७ मध्ये पालथ्या स्थितीत लिव्हेटर स्नायूंसह (श्रोणीच्या तळाचे स्नायू) रुंद विच्छेदन करण्याची पद्धत मांडली. नेहमीच्या पद्धतीत काढलेला भाग नेमका गाठीजवळ कंबरेसारखा निमुळता होतो, त्यामुळे गाठ फुटण्याची किंवा काढलेल्या भागाच्या कडेपासून १ मिमीच्या आत कर्करोग राहण्याची भीती असते. पालथ्या स्थितीत पुढची बाजू, म्हणजे प्रोस्टेट किंवा योनीलगतचा भाग, शस्त्रक्रियाकारालाच नव्हे तर सहायकालाही समोर दिसतो, हा शिकणाऱ्यासाठी मोठाच लाभ आहे. मात्र दोन्ही स्थितींची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत, आणि रुग्णांची निवड व विच्छेदनाची रुंदी सारखी नसताना ते जुळावेत कसे? माझ्या मते कडा स्वच्छ राहते ती रुंद विच्छेदनामुळे. पालथी स्थिती ते विच्छेदन डोळ्यांसमोर आणते, एवढेच तिचे श्रेय. तेच विच्छेदन उताण्या स्थितीतही करता येते. पोटातून काम करताना मेसोरेक्टम (गुदाशयाभोवतीचे चरबीचे आवरण) लिव्हेटरपासून सोडवत खाली गेल्यास पालथे करण्याचा उद्देशच हरवतो.

पालथे करताना भूलतज्ज्ञांच्या सूचनेशिवाय कोणीही हालचाल करू नये. आधार छाती व श्रोणीखाली द्यावेत आणि पोट मोकळे ठेवावे, कारण पोटावर दाब आला की शिरांमधील दाब वाढून रक्तस्राव वाढतो. डोळ्यांवर दाब नाही, याचीही पुन्हा खात्री करावी.

उताण्या स्थितीत मला सर्वाधिक काळजी पायांची वाटते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला फिब्युलाच्या (पायाच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या) मानेवर दाब पडल्यास मज्जातंतूला इजा होऊन पाऊल लुळे पडू शकते, तर खांद्याला आधार देणाऱ्या पट्ट्यांनी ब्रेकियल प्लेक्ससला (हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याला) इजा होऊ शकते. पाय हृदयापेक्षा उंच आणि डोके खाली असले की पोटरीचा रक्तपुरवठा घटतो. शस्त्रक्रिया सुमारे ४ तासांपलीकडे लांबली की कंपार्टमेंट सिंड्रोमचा (स्नायूंच्या बंदिस्त कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटण्याचा) धोका वाढतो, म्हणून मधूनमधून टेबल सपाट करून पाय खाली आणावेत. शस्त्रक्रियेनंतर पोटरी अवाजवी दुखत असेल आणि पाऊल हलवल्यावर वेदना वाढत असेल, तर नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये; एपिड्युरल (पाठीतून दिले जाणारे वेदनाशामक) चालू असल्यास वेदना झाकली जाते, त्यामुळे पोटरीचा ताठरपणा स्वतःच्या हाताने तपासून वरिष्ठांना तत्काळ बोलवावे.