इकोच्या आधी माळ्यावरची फाईल काढा

लहानपणी हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, होऊन गेलेल्यांनी फॉलोअपला जाताना काय काय बरोबर न्यायचं, असं मला बऱ्याचदा विचारलं जातं. मी स्वतः बाराव्या वर्षी त्यातून गेले, आता पस्तिशीत आहे. इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, अपॉइंटमेंट नंतर घ्या, आधी माळ्यावरची ती फाईल खाली काढा.

फाईलमध्ये डिस्चार्ज कार्ड लगेच सापडेल, पण आपल्याला हवा आहे तो केमोचा तक्ता, आणि त्यातही एकच औषध: डॉक्सोरुबिसिन. जुन्या कागदांवर ते बहुधा अॅड्रियामायसिन या नावाने असतं. कागद गहाळ असतील तर आईला विचारा. नाव तिच्या लक्षात नसेल, पण ते लाल औषध आणि घरी आल्यावर झालेली लाल लघवी ती विसरलेली नसते. या औषधाचा हृदयाच्या स्नायूला त्रास होतो, आणि तो कधीकधी दहा-वीस वर्षांनी दिसू लागतो. म्हणून एकूण किती डोस गेला हा आकडा लागतो, आणि तोही शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला किती मिलिग्रॅम, असा. एबीव्हीडी ही या आजारातली चार औषधांची केमो; तिच्या एका सायकलमध्ये २५ मिलिग्रॅम दोनदा, म्हणजे ५०. सहा सायकल झाल्या असतील तर ३००. कागदावर नुसतं ‘३० मिलिग्रॅम’ दिसलं तर गोंधळू नका. तेव्हा तुमच्या शरीराचं क्षेत्रफळ १.२ चौरस मीटर असेल, तर तो २५चाच डोस.

मग लाईट, म्हणजे रेडिएशन. छातीवर दिली होती का आणि किती ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं माप)? जुन्या कागदांवर सेंटीग्रे असतं, १०० सेंटीग्रे म्हणजे १ ग्रे. कागदच नसेल तर आरशासमोर उभं राहून छातीवर निळसर-काळे बारीक ठिपके आहेत का बघा. मशीन रोज त्याच जागी लावता यावं म्हणून ते गोंदलेले असतात. माझा एक ठिपका गळपट्टीच्या हाडाखाली आहे, लोकांना तीळ वाटतो. छातीवरच्या लाईटचा परिणाम स्नायूपुरता थांबत नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊ शकतात, झडपा जाड होऊ शकतात.

हे दोन्ही आकडे एकत्र वाचायचे असतात, आणि घोळ होतो तो इथेच. आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार २५० किंवा जास्त डॉक्सोरुबिसिन, किंवा छातीवर ३० ग्रे किंवा जास्त, ही मोठी जोखीम. अशी जोखीम असलेल्यांनी दर २ वर्षांनी इको करावा. माझं औषध २००, लाईट २१ ग्रे. वेगवेगळं धरलं तर दोन्ही मधल्या गटात, म्हणजे दर ५ वर्षांनी. पण औषध १०० किंवा जास्त आणि लाईट १५ ग्रे किंवा जास्त, असं दोन्ही झालेलं असेल तर तीही मोठीच जोखीम. हे मला पंचविशीत कळलं. त्याआधी एका डॉक्टरांनी ‘एवढ्या लहान वयात इको कशाला, चालायला जात जा’ म्हणून परत पाठवलं होतं. आता मी दोन्ही आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून नेते आणि बसल्या बसल्या तोच कागद पुढे करते.

इकोसाठी उपाशी राहायचं नसतं. रक्तातली चरबी उपाशीपोटी तपासायला सांगितली असेल तर रक्त आधी द्या, मग खा. पुढून उघडणारा शर्ट किंवा कुर्ता घाला. बायकांनी महिला टेक्निशियन हवी असल्यास नंबर लावतानाच सांगावं. मागचे सगळे इको रिपोर्ट न्या, आणि जमलं तर एकाच ठिकाणी करा. ‘नॉर्मल’ या शब्दावर उठू नका; इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं, ते किती टक्के हे विचारा, कारण ६५चं ५५ झालं तर रिपोर्टवर दोन्ही वेळा नॉर्मलच छापलेलं असू शकतं. ईसीजीची पट्टी घरी येताच झेरॉक्स करा. त्या कागदावरची शाई उडते. माझ्या पहिल्या पट्टीवर आता नुसत्या गुलाबी चौकटी उरल्या आहेत.

जायच्या आधी दोन आठवडे बीपी मोजून लिहून ठेवा. वाढलेलं बीपी या हृदयाला फार महागात पडतं, आणि आपल्या हातात असलेली ही त्यातली एक गोष्ट आहे. जिना चढताना दम, धडधड, संध्याकाळी मोज्याचा वळ पायावर राहणं, हेही टिपून ठेवा. तंबाखू, सिगरेट असेल तर खरं सांगा.

आता अवघड भाग. लग्न ठरताना आजार लपवलेली घरं मला माहीत आहेत, मी कुणाला दोष देत नाही. पण दिवस राहण्याआधी, नाहीतर पहिल्या तीन महिन्यांत तरी, इको व्हायला हवा, आणि तो सांगायला स्त्रीरोगतज्ज्ञाला जुनी गोष्ट ठाऊक असावी लागते. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगा; एबीव्हीडीतल्या ब्लिओमायसिन या औषधामुळे त्यांना फुप्फुसांचाही विचार करावा लागतो.

कुठे जायचं? जिथे उपचार झाले तिथे आधी विचारा. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे. फाईल हरवली असली तरी जुना केस नंबर सापडतो का बघा. आमचा नंबर आईने देव्हाऱ्यातल्या पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता.