बुसानला येताय? मग या चुका तेवढ्या टाळा

दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये राहून मला सात वर्षं झाली. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून कुणी ना कुणी येतंच, आणि येणाऱ्याच्या फोनमध्ये तीच यादी असते. सकाळी समुद्रकाठचं देऊळ, मग रंगीत घरांचं गाव, दुपारी मासळीबाजार, संध्याकाळी दिव्यांचा पूल आणि रात्री खरेदी. 'एका दिवसात होईल ना गं?' असं कुणी विचारलं की मी हल्ली काही बोलत नाही, मेट्रोचा नकाशा पुढे सरकवते.

शहर लांबट आहे आणि मधे डोंगर घुसलेत. हेदोंग योंगगुंगसा हे समुद्रावरचं देऊळ पार ईशान्येला, गामचॉन हे रंगीत घरांचं गाव नैर्ऋत्येला. हेउन्देच्या समुद्रकिनाऱ्याहून गामचॉनला जायचं तर मेट्रोच्या २ नंबरच्या लाइनने सॉम्यॉन, तिथे १ नंबर पकडून थोसॉंग, मग डोंगर चढणारी छोटी बस. सव्वा-दीड तास धरा. माझा नियम सरळ आहे, एका दिवशी एकच बाजू. पूर्वेच्या दिवशी देऊळ, हेउन्दे आणि अंधार पडल्यावर ग्वांगाल्लीचा पूल. पश्चिमेच्या दिवशी गामचॉन, जागल्चीचा मासळीबाजार, गुकजे बाजार, आणि पाय शिल्लक असतील तर बोसू-दोंगची जुन्या पुस्तकांची गल्ली. समुद्र दिसणाऱ्या खोलीच्या हट्टापायी सगळे हेउन्देला हॉटेल घेतात. दोन्ही लाइन सॉम्यॉनला भेटतात, तिथे राहा. खिडकीतून समुद्र बघायला दिवसभर खोलीत बसणार आहे कोण?

आता जागल्ची. कोरियातला सगळ्यात मोठा म्हणून ओळखला जाणारा मासळीबाजार, आणि आपल्या लोकांच्या सगळ्यात जास्त फजित्या इथेच होतात. पहिली म्हणजे वार. मुख्य इमारत महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या मंगळवारी बंद असते. बाहेर रस्त्यावरच्या बायका तेव्हाही बसलेल्या असतात, पण आत मासा निवडून वर जाऊन खायची मजा गेली.

दुसरी फजिती आमच्या मामांची. मामा रत्नागिरीचे, साठ वर्षं मिरकरवाड्यावर मासे घेतलेला माणूस. त्यांना कोण काय शिकवणार! आत शिरल्या शिरल्या त्यांनी एका खोक्यातला बांगड्यासारखा मासा उचलला आणि कल्ला उघडून बघितला. आजुम्माने, म्हणजे विकणाऱ्या मावशीने, त्यांच्या मनगटावर रबरी मोज्याची चापटी मारली. मी माफी मागून त्यांना पुढे नेलं. पुढच्या टाकीत वाळूच्या रंगाचे चपटे मासे तळाशी पडलेले. मामांनी एकाकडे बोट केलं आणि मराठीतच म्हणाले, 'हा कसा?' त्या बाईने जाळं घातलं, मासा बाहेर, काट्यावर, आणि मी आकडा ऐकून मामांकडे वळेपर्यंत सुरीचा पहिला घाव पडलासुद्धा. 'अगं, मी भाव विचारत होतो!' मामा म्हणाले. तोवर त्या माशाला भावाशी देणंघेणं उरलं नव्हतं.

पैसे दिले. वर गेलो तर माणशी वेगळा आकार, बसायचा आणि सोबतच्या पानाफुलांचा, ज्याला इथे सांगचारिम म्हणतात. हा आकार सगळीकडे असतो, तुम्हाला कुणी लुबाडत नाहीये. ताटात पारदर्शक कच्चे काप आले. मामांनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, 'शिजवायचं कधी?' मग त्याच माशाचं डोकं आणि काटे घालून मेउन्थांग सांगितलं, लालभडक तिखट रस्सा. तो मात्र मामांनी भातावर ओतून वाडगा पुसून खाल्ला.

तेव्हा जागल्चीत हात खिशात ठेवा. आधी एक चक्कर नुसती मारा. मग 'ओल्मायेयो?' म्हणजे 'केवढ्याला?' एवढं विचारा, आकडा कॅल्क्युलेटरवर बघा, तो दोन-तीन ठिकाणी ताडून पाहा आणि शेवटी बोट दाखवा. घासाघीस फार चालत नाही. चार जण असाल तर एखादा जादा शिंपला हसून मागता येतो, माझा अनुभव तेवढाच.

शाकाहारी मंडळींसाठी एकच, पण महत्त्वाचं. काडीला घडीची पोळी ओवल्यासारखं जे दिसतं ते टोफू नाही. ते ऑमुक, माशाचं. बुसानची तर ती खासियतच. आमच्या वहिनींनी दोन काड्या खाल्ल्या आणि वर फुकट मिळतो म्हणून कपभर रस्साही प्यायल्या. मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. तोक्बोकीच्या, म्हणजे तांदळाच्या लांबट वड्यांच्या, तिखट रश्शातही बहुतेक वेळा सुक्या माशांचं पाणी असतं. 'बिफ' (BIFF) चौकातला बियांचा होत्तोक घ्या; चौकाचं नाव बुसानच्या चित्रपट महोत्सवावरून पडलंय, गोमांसाशी संबंध नाही. तळलेल्या पिठाच्या पोटात साखरेचा पाक आणि सूर्यफुलाच्या-भोपळ्याच्या बिया. पहिला घास सावकाश घ्या, पाक जीभ भाजतो.

गामचॉनबद्दल थोडक्यात. ते मुळात कोरियन युद्धातल्या निर्वासितांनी डोंगरउतारावर वसवलेलं गाव आहे, रंगरंगोटी २००९ नंतरची. माणसं अजून तिथे राहतात. दुसऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांसमोर उभं राहून फोटो काढू नका. आणि कठड्यावरच्या पुतळ्याशेजारी बसायला तासभर रांग लावणाऱ्यांना काय म्हणावं, मला कळत नाही.

योंगगुंगसाला अकरा वाजता जाऊ नका. १०८ पायऱ्या आहेत, आणि अकराला त्यातल्या प्रत्येकीवर एकेक सेल्फी स्टिक असते. मी पाहुण्यांना उजाडताना नेते, कुरकुर ऐकून घेते. आणखी एक गैरसमज म्हणजे हे देऊळ '१३७६ सालचं' आहे. स्थापना तेव्हाची, पण जपानी स्वारीत ते गेलं आणि १९३० च्या दशकात पुन्हा उभं राहिलं. जुनं लाकूड, जुना दगड बघायचा असेल तर बॉमॉसा देवळात जा. ६७८ सालची स्थापना. तेही जळलं, पण १७व्या शतकात पुन्हा बांधलं. वर जाताना एका ओळीतल्या चार दगडी खांबांवर तोललेलं दार लागतं, तिथेच माझी पंधरा मिनिटं जातात. १ नंबरची लाइन, मग ९० नंबरची बस. यादीत नसल्यामुळे तिथे कुणी जात नाही, आणि माझी त्याला हरकत नाही.

आता क्यॉन्गजू. सिल्ला राज्याची जुनी राजधानी, बुसानहून दिवसभराची सहल. पुण्याचा एक मित्र, घाईचं दुसरं नाव, म्हणाला, 'तू येऊ नकोस, मी सगळं वाचलंय.' त्याने जे वाचलं होतं ते जुनं होतं. 'क्यॉन्गजू स्टेशनला उतरा, राजांच्या थडग्यांपर्यंत चालत जा.' ते गावातलं स्टेशन डिसेंबर २०२१ मध्ये बंद झालं. शहराबाहेरच्या वेगवान गाडीच्या स्टेशनचं नाव आधी सिन्क्यॉन्गजू होतं, ते २०२३ च्या शेवटी नुसतं 'क्यॉन्गजू' झालं. नाव तेच, जागा आठ-दहा किलोमीटर लांब! जानेवारीत हा पठ्ठ्या उतरला आणि चालायला लागला. त्यात गूगल मॅप. माझ्या इतक्या वर्षांत त्याने इथे चालायचा रस्ता कधी धड दाखवलेला नाही. अर्ध्या तासाने फोन आला, 'अगं, इथे नुसती शेतं आहेत.' मी म्हटलं, 'मागे फिर आणि स्टेशनबाहेरून बस पकड.' तो गावात पोचला तेव्हा दुपार कलली होती. छॉन्माछोंगमध्ये, म्हणजे १९७३ साली उकरलेल्या आणि आत जाऊन बघता येणाऱ्या थडग्यात, त्याला वीस मिनिटं मिळाली.

मी स्वतः वेगवान गाडीच्या वाटेला जात नाही. १ नंबर लाइनच्या शेवटी नोफो आहे, तिथल्या बसस्थानकावरून तासाभरात बस थेट क्यॉन्गजू गावात सोडते. फोनवर नेव्हर (Naver) मॅप टाका. इंग्रजीत चालतं, बसची वेळही दाखवतं.

क्यॉन्गजूजवळच्या सॉकगुराम या बुद्धाच्या गुहेत जाताना आपल्या लोकांनी अजिंठा-वेरूळ डोक्यातून काढून जावं. ही डोंगरात कोरलेली लेणी नाही. ८व्या शतकात ग्रॅनाइटचे तुकडे घडवून, घुमट रचून, वर माती टाकून केलेली गुहा आहे. बुद्ध काचेपलीकडे, फोटोला मनाई, गर्दी असेल तर दोन मिनिटांत पुढे सरकावं लागतं. 'एवढंच?' असं निदान पाच पाहुणे म्हणालेत. घुमटाचे ते दगड कसे पेललेत ते बघा, मग दोन मिनिटं पुरत नाहीत. २०२३ च्या मेपासून इथे आणि जवळच्या बुलगुक्सा देवळाला तिकीट नाही, त्यामुळे पैसे फुकट गेले म्हणायचीही सोय राहिलेली नाही.

खरेदीत पासपोर्ट विसरू नका. एका दुकानात १५,००० वोनच्या पुढे गेलात तर परदेशी पाहुण्याला कर परत मिळतो, बऱ्याच ठिकाणी जागच्या जागी. पासपोर्टचा फोटो दाखवून हुज्जत घालणारे मी पाहिलेत, उपयोग शून्य. मेट्रोचं कार्ड स्टेशनवर भरायला रोख लागू शकते, थोड्या नोटा जवळ असू द्या.

आणि सुकट पहिल्या दिवशी घेऊ नका! इथली म्योल्ची, आपल्या मांदेलीची नातलग, आकाराप्रमाणे वेगवेगळी लावलेली असते. मोठी रश्शाला, बारीक परतायला. बारीक घ्या, पण शेवटच्या दिवशी आणि दुहेरी पिशवीत. मामींनी पहिल्याच दिवशी किलोभर घेतली. पुढचे पाच दिवस त्यांच्या बॅगेतला शालूसुद्धा बंदरासारखा वास मारत होता.

विमान संध्याकाळचं असेल तर दुपारी विमानतळावर जाऊन बसू नका. विमानतळाची हलकी रेल्वे पुढे गिम्हे गावात जाते. तिथे प्राचीन गाया राज्याच्या राजा सुरोची समाधी आहे, दारावर जोडमासे रंगवलेले. जवळच त्याच्या राणीची समाधी. ती इसवी सन ४८ मध्ये 'आयुता' नावाच्या देशातून जहाजाने आली अशी कथा आहे, आणि हा देश म्हणजे अयोध्या असं बरेच जण मानतात. वादळ शमवायला तिने जहाजात घातलेले म्हणतात ते तांबूस ठिपक्यांचे दगड समाधीपाशी एकावर एक रचून ठेवलेत. मामा त्यांच्यापाशी बराच वेळ उभे होते. या वेळी हात खिशात होते.