हरित छत: आधी स्लॅब, मग पाणी, शेवटी झाडे

शहरातल्या इमारतीवर हरित छत करावे की नाही, याची चर्चा बहुधा कोणती झाडे लावायची इथून सुरू होते आणि ती झाडे ज्या स्लॅबवर वाढणार, तो किती भार पेलू शकतो, हे सर्वांत शेवटी आठवते. म्हणून रोपवाटिकेत जाण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जावे आणि गच्चीच्या भारक्षमतेचा लेखी अहवाल घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

भाराचा हिशेब नेहमी ओल्या मातीचा करावा. साध्या मातीऐवजी वापरायच्या हलक्या, सच्छिद्र मिश्रणाचा 10 सेंटिमीटरचा थर पूर्ण भिजला की एका चौरस मीटरवर साधारण 100 ते 150 किलो वजन येते. तेवढ्याच जाडीची बागेतली साधी माती भिजल्यावर 200 किलोंच्या आसपास जाते. म्हणजे 100 चौरस मीटरच्या गच्चीवर हलके मिश्रण वापरूनही 10 ते 15 टनांचा भार कायमचा वाढतो, आणि त्यात माणसांचे वजन अजून धरलेलेच नाही. झुडपे किंवा लहान झाडे हवी असतील, तर थर याच्या कितीतरी पट जाड लागतो; तसे छत मुळात त्या भारासाठी बांधलेल्या इमारतीवरच करावे. जुन्या इमारतीसाठी पातळ थर आणि त्यात सेडमसारख्या, पानांत पाणी साठवणाऱ्या वनस्पती, एवढाच पर्याय बहुधा उरतो. इंजिनिअरने तोही नाकारला, तर हट्ट धरू नये. ऊन परतवणारा पांढरा लेप गच्चीला दिला तरी वरच्या मजल्याचा उकाडा बराच कमी होतो.

गारवा हा हरित छताचा सर्वांना भावणारा फायदा आहे. पानांची सावली आणि मातीतून व पानांतून होणारे बाष्पीभवन यांमुळे स्लॅब तापत नाही. मात्र हा गारवा प्रामुख्याने सर्वांत वरच्या मजल्याला मिळतो, खालच्या मजल्यांना त्याचा फारसा लाभ नाही, आणि माती कोरडी पडून झाडे वाळली की बाष्पीभवनही थांबते. कोरड्या दिवसांत पाणी कुठून आणणार, हे आधी ठरलेले नसेल, तर फायद्याच्या यादीतला गारवा कागदावरच राहतो.

पावसाच्या बाबतीतही असेच तारतम्य हवे. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर 1,000 लिटर पाणी जमा होते, आणि कोरडा थर त्यातले बरेचसे शोषून गटारांवरचा ताण हलका करतो. संततधार लागल्यावर मात्र थर तुडुंब भरतो आणि पुढचे पाणी थोड्या विलंबाने का होईना, खाली वाहतेच. मिश्रणात कंपोस्ट जास्त असेल, तर त्या पाण्याबरोबर नायट्रोजन आणि फॉस्फरसही वाहून जातात; म्हणून गच्चीचे पाणी साठवायचे असल्यास खत बेताचेच घालावे.

सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते वॉटरप्रूफिंगकडे. काम झाल्यावर, माती चढवण्यापूर्वी पाणी तुंबवून चाचणी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. इंजिनिअरच्या संमतीने आउटलेट बंद करून गच्चीवर काही सेंटिमीटर पाणी साठवावे, कठड्यावर पेन्सिलीने पातळीची खूण करावी आणि 48 तास थांबावे. या काळात खालच्या मजल्याचे छत रोज पाहावे, विशेषतः पाइप जिथे स्लॅबमधून आरपार जातो तिथे आणि कोपऱ्यांत. रंगाला आलेला हाताएवढा फुगवटा किंवा ओलसर कडाही पुरेशी सूचना असते. साध्या डांबरी शीटमध्ये मुळे घुसतात, त्यामुळे तिच्यावर मूळरोधक थर हवाच. त्यानंतर पाण्याचा निचरा करणारा थर, माती अडवणारे गाळणकापड, मग मिश्रण. कठड्यालगत आणि आउटलेटभोवती माती न टाकता गोट्यांचा पट्टा ठेवावा.

नीट केलेल्या वॉटरप्रूफिंगला मातीचे आच्छादन जपते, कारण कडक ऊन आणि रोजचे तापणे-निवणे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पण गळती लागलीच, तर पाणी आत शिरते एकीकडे आणि ठिबकते भलतीकडेच. छिद्र शोधण्यासाठी टनावारी माती उपसावी लागते. माझ्या मते हरित छताचा सर्वांत मोठा तोटा हाच, आणि म्हणून वरील चाचणीत काटकसर करू नये.

या छतांवर किती जीवसृष्टी नांदू शकते, हे झुरिकच्या वॉलिशोफेन भागातल्या जलशुद्धीकरण केंद्रावर दिसते. 1914 मध्ये बांधलेल्या त्या केंद्राच्या छतावर आतले पाणी थंड राहावे म्हणून माती घातली गेली, आणि आजूबाजूच्या परिसरातून नाहीशी झालेली ऑर्किडे तिथे टिकून राहिली. एवढे सगळे आपल्या गच्चीवर होणार नाही, पण थराची जाडी सगळीकडे सारखी न ठेवता काही ठिकाणी उंचवटे केले, तर कीटकांना आसरा नक्की मिळतो.

देखभालीचे काम कोणाकडे, हे इमारतीतल्या सर्वांनी सुरुवातीलाच लेखी ठरवावे. पहिली दोन वर्षे तण काढणे आणि पाणी देणे नियमित लागते. पक्ष्यांच्या विष्ठेतून वड-पिंपळाच्या बिया येतात. त्यांची रोपे बोटभर असतानाच मुळासकट उपटावीत. आउटलेटची जाळी मोठ्या पावसाआधी आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर उघडून साफ करावी, कारण पानांचा मूठभर गाळही पाणी तुंबवायला पुरतो.