वाढदिवसाचं जेवण हॉटेलात ठेवताय? आधी टेबल कोण सांभाळणार ते ठरवा

घरातल्या मोठ्या माणसाची सत्तरी-पंचाहत्तरी हॉटेलात करायची ठरली, की सगळी चर्चा हॉटेलवरच होते. बाणेरला की कर्वे रोडला, पार्किंग मिळेल का, मुलांना चायनीज हवंय. टेबल कोण सांभाळणार, हे मात्र कोणी ठरवत नाही. माझ्या मते पहिलं तेच ठरवावं. ऑर्डर एकानेच द्यायची, कॅप्टनशी त्यानेच बोलायचं आणि काही बिघडलं तर उठून त्यानेच जायचं. ज्यांचा वाढदिवस आहे त्यांच्यावर यातलं काहीही येता कामा नये.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, त्याला कारण सासऱ्यांची सत्तरी. टेबल फोनवरून सांगितलं होतं, तरी रविवारी रात्री आम्हा बारा जणांना दारात पाऊण तास उभं केलं. आत गेल्यावर ऑर्डर घेणारा कॅप्टन दुसऱ्या टेबलांकडे गेला तो परत फिरकलाच नाही. भाज्या आल्या, रोट्या नाहीत. पनीरच्या रश्शावर तेलाचा थर गोठायला लागला तेव्हा टोपलीत चार रोट्या आल्या. बाबांपुढे एक मसाला पापड होता. त्याचा एकेक तुकडा मोडून खात ते म्हणत होते, "मला काही घाई नाही गं." मग दीर वेटरवर ओरडले, शेजारची टेबलं वळून बघायला लागली आणि बाबांनी उरलेला पापड बाजूला सारला. "घरीच केलं असतं," एवढंच म्हणाले. जेवायला उशीर झाला त्यापेक्षा त्यांच्या वाढदिवशी त्यांच्यासमोर भांडण झालं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

तर आधी वेळ. शनिवार-रविवारची रात्र टाळता आली तर टाळाच. पुण्यात साडेआठनंतर बऱ्या हॉटेलांबाहेर खुर्च्यांवर माणसं ताटकळत बसलेली असतात, आणि त्या गर्दीत बारा जणांच्या टेबलाकडे लक्ष देणं चांगल्या वेटरलाही जड जातं. मधल्या वारची दुपार उत्तम. रविवारच हवा असेल तर सातला जाऊन बसा. सगळे जमायची वाट बघू नका. ज्येष्ठांना आधी बसवा, चिंचवडहून येणारे येतील मागून. औक्षण घरूनच करून निघा. सत्तर दिव्यांचं ताट हॉटेलात कुठे लावणार?

टेबल सांगताना फोनवर नुसती वेळ आणि माणसं सांगून ठेवून देऊ नका. टेबल किती वेळ राखून ठेवता, जिने किती, बाथरूम त्याच मजल्यावर आहे का, एसीचा झोत थेट अंगावर येतो का, बाहेरचा केक चालतो का आणि त्याचे वेगळे पैसे घेता का, हे सगळं विचारा. ज्याच्याशी बोललात त्याचं नाव लिहून घ्या आणि त्याच दिवशी दुपारी पुन्हा एकदा फोन करा. ‘मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं’ हे दारात कोणी ऐकत नाही.

औषधाचं मात्र फार जपा. बाबा जेवणाआधी इन्सुलिन घेतात. ते घरी टोचून निघालं आणि जेवण तासभर लांबलं, तर साखर झपकन उतरते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, माणूस गोंधळतो. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांचंही तसंच. बाहेर जेवायचं असेल त्या दिवशी डोस केव्हा घ्यायचा, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. आमच्या डॉक्टरांनी ताट समोर आल्यावरच घ्या असं सांगितलंय. माझ्या पर्समध्ये साखरेची पुडी असते. लक्षणं दिसली तर तीन-चार छोटे चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम साखर पाण्यातून लगेच द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठायचा.

आता ऑर्डर. आत तंदूरवर बहुधा एकच माणूस असतो आणि सगळ्या हॉलच्या रोट्या तोच काढतो. एकदम चोवीस रोट्या सांगितल्या की त्या तुकड्यातुकड्याने आणि गार येतात. त्यापेक्षा कॅप्टनला सांगा, "भाज्यांबरोबर आठ द्या, त्या टेबलावर आल्या की पुढच्या आठ लावा." स्टार्टर आले की लगेच मुख्य जेवणाची ऑर्डर द्या, प्लेटा उचलेपर्यंत थांबू नका. ज्येष्ठांसाठी सूप, दाल खिचडी, दहीभात असं लवकर होणारं काहीतरी पहिल्याच केओटीत, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीत, घाला. मग बाकीच्यांचं मागेपुढे झालं तरी चालतं. शेवटी दिलेली ऑर्डर वाचून दाखवायला लावा. यात संकोच करू नका. चांगला कॅप्टन आपणहून वाचून दाखवतो.

तरीही बिघडलंच, तर वीस मिनिटांनी उठा. वेटरवर आवाज चढवून काही होत नाही, तो बिचारा दोन्हीकडून बोलणी खातो. काउंटरवर जाऊन मॅनेजरला भेटा आणि नेमकं बोला: "टेबल अमुक, या दोन भाज्या आल्या नाहीत, केओटी आत गेली आहे का बघा. लावली नसेल तर रद्द करा." पदार्थ चुकीचा आला तर हात लावायच्या आधी परत करा. जेवणात केस किंवा किडा निघाला तर फोटो काढा आणि मॅनेजर येईपर्यंत प्लेट उचलू देऊ नका.

बिल बाबांच्या हाती जाऊ देऊ नका आणि पैसे देण्याआधी ओळ न् ओळ वाचा. न आलेला पदार्थ बिलात हमखास सापडतो. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के, अडीच-अडीच असा दोन ओळींत. सेवाशुल्क ही वेगळी गोष्ट, तो सरकारी कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: ते बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावानेही घेता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये या सूचना कायम ठेवल्या. शांतपणे "हे काढून द्या" म्हणा. नाही म्हणाले तर बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवा. एवढ्या गर्दीतही ज्या पोऱ्याने बाबांना न मागता कोमट पाणी आणून दिलं असेल, त्याची टीप मात्र त्याच्या हातात द्या, रोख.