ऑक्टोरॉक: दबा धरून बसलेल्याला आधी हेरा, मग ठरवा

'द लेजंड ऑफ झेल्डा' या व्हिडिओ गेम मालिकेत ऑक्टोरॉक हा शत्रू १९८६ च्या पहिल्या गेमपासून आहे. तेव्हाही दगड थुंकायचा, आजही थुंकतो. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये (२०१७) मात्र तो जागेप्रमाणे वेश बदलून बसतो. पाण्यातला, जंगलातला, बर्फातला, डेथ माउंटनच्या तापलेल्या उतारावरचा आणि खजिन्याच्या पेटीचं सोंग घेणारा, अशा त्याच्या पाच जाती आहेत. पाचही जणांची हेल्थ फक्त ८. म्हणजे मारायला अवघड असा हा शत्रू नाहीच. त्रास होतो तो आधी दिसत नाही म्हणून. आणि पाचातला एक तर असा आहे की त्याला दिसताक्षणी मारलात तर नुकसान तुमचंच.

आधी ८ हेल्थचा हिशेब. सोल्जर्स बो या धनुष्याचा अटॅक १४, एका बाणात काम होतं. ट्रॅव्हलर्स बोचा ५, म्हणून दोन बाण लागतात, आणि दोन बाणांच्या मधे तो एक दगड हाणून घेतो. अपग्रेड न केलेला रिमोट बॉम्बही १२ चा फटका देतो, म्हणजे एक पुरतो. चांगली तलवार यांच्यावर झिजवू नका. बाण मोजके असतील तर ढाल वापरा: झेडएल बटण दाबून ढाल पुढे धरायची, दगड अंगावर येता येता ए बटण दाबायचं. पर्फेक्ट गार्ड (म्हणजे अचूक वेळी ढालीचा झटका) बसला की दगड आला तसा परत जातो आणि थुंकणाऱ्यालाच लागतो. यात नेहमीची चूक म्हणजे ए लवकर दाबणं. दगड तोंडातून सुटताना दाबून उपयोग नाही, ढालीपाशी पोचताना दाबायचं. हात बसेपर्यंत थोडं लांबूनच खेळा. अंतर जास्त असलं की दगड येताना दिसतो आणि अंदाज येतो. गार्डियन या यंत्र-शत्रूच्या किरणाला परतवायची युक्तीही हीच आहे, त्यामुळे ऑक्टोरॉकसमोर केलेला सराव वाया जात नाही. इथे चुकलं तर थोडी हेल्थ जाते, तिथे चुकलं तर बहुतेक वेळा गेम ओव्हर.

पाण्यातला सगळ्यात जास्त भेटतो. झोराज डोमेनकडे जाणाऱ्या नदीकाठच्या वाटेवर तर त्यांची रांगच लागते. पाण्यात बुडून राहतो, तुम्ही टप्प्यात आलात की वर येऊन थुंकतो. त्या वाटेवर पाऊस थांबत नाही, त्यामुळे कडा चढून बगल देता येत नाही, आणि लिझाल्फोस या सरड्यासारख्या शत्रूंशी झुंजत असताना बाजूने दगड येतात ते याचेच. म्हणून क्रम असा ठेवा: आधी ऑक्टोरॉक, मग लिझाल्फोस. वळणावर थांबा, पाण्यावर नजर फिरवा, वर आलेल्याला बाणाने टिपा आणि मगच पुढे सरका. पोहत त्याच्यावर जाण्यात अर्थ नाही. पाण्यात ढाल धरता येत नाही, बाण सोडता येत नाही आणि स्टॅमिना संपला की लिंक, म्हणजे तुमचा नायक, बुडतो. टिपल्यावर पडलेला माल पाण्यात असेल तर क्रायोनिस या शक्तीने बर्फाचे खांब उभे करत तिथवर जा.

जंगलातला आणि बर्फातला, दोघांची तऱ्हा सारखीच. अंग जमिनीत गाडलेलं, वर फक्त झुडूप किंवा गवताचा झुबका. ओळखायची खूण एकच: आजूबाजूला जे उगवलंय त्याच्याशी ते जुळतं का ते पाहा. बर्फाच्या मोकळ्या पठारावर एकटाच हिरवा झुबका दिसला तर तिकडे चालत जाऊ नका, आधी एक बाण सोडा. फुकट गेला तरी परवडतो. हेब्राच्या बर्फाळ डोंगरात उतारावरून शील्ड सर्फिंग (ढालीवर उभं राहून घसरणं) करत जाताना अशा झुबक्यांकडे कोणी बघत नाही, आणि नेमका तिथेच गोळा बसतो. बर्फातला दगडाऐवजी बर्फाचे गोळे थुंकतो. त्याच्याशी ढालीचा खेळ खेळत उभं राहू नका, कारण थंडीपासून बचावाचा जो पदार्थ खाल्लाय त्याची वेळ तेवढ्यात उलटत असते. फायर अॅरो (आगीचे बाण) असतील तर झकास, नसतील तर साधा बाण चालतो.

पेटीवाला हेब्राच्या बर्फात आणि गेरुडोच्या वाळवंटात सापडतो. अर्धी गाडलेली पेटी दिसते, माणूस हावरटासारखा धावतो, आणि पेटी डोक्यावर घेऊन हा वर उसळतो. पारख करायला मॅग्नेसिस ही चुंबकशक्ती चालू करा. पेटी चमकली तर ती खरी, लोखंडी. चमकली नाही म्हणजे खोटीच असं मात्र नाही, लाकडी पेट्याही चमकत नाहीत. अशा वेळी शिका सेन्सर प्लस हा शोधक कामाला येतो. हातेनोच्या लॅबमध्ये पुरा या संशोधिकेला ३ एन्शंट स्क्रू दिले की ती सेन्सर वाढवून देते. त्यावर पेटीचा फोटो लावून ठेवायचा. न उघडलेल्या खऱ्या पेटीकडे तोंड केलं की तो वाजतो, सोंगाड्यापाशी गप्प राहतो. एवढी उठाठेव नको असेल तर लांबून बाण मारा. खऱ्या पेटीचं बाणाने काही बिघडत नाही.

आता डेथ माउंटनवरचा रॉक ऑक्टोरॉक. पाचातला हाच खरा कामाचा. तो थुंकण्याआधी जोरात हवा आत ओढतो, आणि त्या झोतात समोर पडलेली वस्तू त्याच्या तोंडात जाते. गंजलेलं हत्यार असं आत गेलं की साफ होऊन बाहेर येतं. चार गंजक्या वस्तू चालतात: रस्टी ब्रॉडस्वोर्ड, रस्टी क्लेमोर, रस्टी हॅल्बर्ड आणि रस्टी शील्ड. बाहेर काय येईल ते नशिबावर. ब्रॉडस्वोर्ड दिली तर ट्रॅव्हलर्स (अटॅक ५), सोल्जर्स (१४), नाइट्स (२६) किंवा रॉयल (३६) यांपैकी एक. गंजलेल्या तलवारीचाच अटॅक ६ असतो, म्हणजे ट्रॅव्हलर्स आली तर कागदावर तोटाच झाला! ढालीचा जुगार जास्त फायद्याचा आहे. गंजकी ढाल ३ ची, सोल्जर्स १६ ची, नाइट्स ४० ची आणि रॉयल ५५ ची. गंजकं सामान जुन्या रणांगणांवर आणि पडक्या भिंतींच्या आसपास पडलेलं असतं. तळ्याच्या तळाशी असेल तर मॅग्नेसिसने वर काढा.

वर जाण्याआधी अंगाची सोय करा. फायरप्रूफ एलिक्सर किंवा फ्लेमब्रेकर चिलखताचा एक भाग अंगावर हवाच, नाहीतर लिंक पेट घेतो. एलिक्सर घरीच शिजवायचं तर फायरप्रूफ सरडे आणि कुठल्याही राक्षसाचा एखादा अवयव पातेल्यात टाका, ऑक्टोरॉकचा टेंटॅकल चालतो. पाठीवरचं लाकडी धनुष्य आणि लाकडी ढाल तिथे पेटते, म्हणून वर चढण्यापूर्वी ती उतरवून इन्व्हेंटरीत ठेवा. बॉम्ब अॅरो तर धनुष्याला लावताच फुटतात, त्यांच्या वाटेला जाऊच नका.

मग हे करा:

१. हाताने सेव्ह करा. ऑटोसेव्हवर विसंबू नका. निकाल पसंत पडला नाही तर रीलोड करून पुन्हा घालता येतं.

२. उतार पाहून उभे राहा. तुमच्यामागे किंवा बाजूला लाव्हा नको. परत थुंकलेलं हत्यार घरंगळत त्यात गेलं की संपलं.

३. ऑक्टोरॉक वर आला की इन्व्हेंटरीतून गंजकं हत्यार ड्रॉप करा आणि दोन पावलं मागे सरका. ते तुमच्या आणि त्याच्या मधे पडलेलं असलं पाहिजे.

४. तो हवा ओढू लागला की वाट पाहा. वस्तू हलत नसेल तर अंतर जास्त आहे. उचला आणि जवळ नेऊन टाका.

५. आत गेलं की ढाल पुढे धरा. तो हत्यार तुमच्याच दिशेने थुंकतो.

यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, आर बटण धरून हत्यार थेट त्याच्यावर फेकणं. ८ हेल्थचा जीव, फेकलेलं हत्यार लागलं की मरतो, आणि तुमचा धोबी गेला. दुसरी, सवयीने रिमोट बॉम्ब टाकणं. तोही तो तितक्याच प्रेमाने गिळतो आणि आतून फुटतो. मारायचाच असेल तर ही उत्तम पद्धत आहे, पण आधी नाही.

'टिअर्स ऑफ द किंगडम'मध्ये (२०२३) या प्राण्याचं महत्त्व आणखी वाढलं. तिथे तो नुसता गंज काढत नाही, झिजलेल्या हत्याराची ड्युरॅबिलिटी (टिकाऊपणा) पूर्ण भरून देतो. हत्याराच्या चित्रावर लाल झाक आली, मोडायला आलंय अशी सूचना आली, की ते वापरणं थांबवा आणि डेथ माउंटनच्या पायथ्याकडे वळा. फ्यूज केलेलं, म्हणजे दुसरी वस्तू जोडलेलं, हत्यारही चालतं. परत मिळाल्यावर चित्रावर नव्या हत्यारासारखी चकाकी दिसली की दुरुस्ती झाली असं समजा. शिवाय त्याला अटॅक किंवा ड्युरॅबिलिटीची वाढ यांसारखा एखादा गुण चिकटून येतो, तोही नशिबावर. आधीच चांगला गुण असलेलं हत्यार देताना विचार करा, तो बदलू शकतो. इथेही सेव्ह करून मगच. आणि अपेक्षा बेताची ठेवा: कुजून विद्रूप झालेल्या हत्याराला तो मूळचं रूप देत नाही, फक्त आयुष्य देतो.

एक ऑक्टोरॉक एकच वस्तू दुरुस्त करतो, पुढच्या ब्लड मूनपर्यंत (मेलेले शत्रू परत आणणारी लाल चंद्राची रात्र) तो बाद. त्यामुळे काम झालं की त्याला मारून टाका. हे निर्दयी वाटेल, पण चार-पाच जणांच्या फेरीत कोण वापरलेला आणि कोण कोरा हा घोळ राहत नाही, आणि ब्लड मूननंतर तो परत येतोच. प्रत्येकाच्या जागी नकाशावर खूण करून ठेवा.

हायलियन शील्ड ही खास ढाल आणि चॅम्पियन नावाच्या वीरांची हत्यारं तो थेट स्वीकारत नाही. त्यावर खेळाडूंनी काढलेली वाट अशी: कुठलंही फालतू हत्यार हातात घ्या आणि जमिनीवर ठेवलेली हायलियन शील्ड त्याच्यावर फ्यूज करा. क्रम महत्त्वाचा आहे. किमती वस्तू जोडलेली हवी, फालतू वस्तू मूळ. उलटं केलंत तर तो नकारच देईल. हे जोडकाम ऑक्टोरॉकला द्या, मग टॅरी टाउनमधल्या सुटं करून देणाऱ्या दुकानात जा. तिथे २० रुपी (गेममधलं चलन) मोजले की दोन्ही वस्तू वेगळ्या होऊन हातात येतात. हाताने फ्यूज तोडलंत तर जोडलेली वस्तू नष्ट होते, म्हणून २० रुपींसाठी कंजूषी नको.

मेलेल्या ऑक्टोरॉककडून टेंटॅकल, डोळा आणि ऑक्टो बलून मिळतो. टेंटॅकल आणि डोळा एलिक्सरच्या पातेल्यात किंवा दुकानात जातात. बलून विकू नका. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये तो हातात धरून वस्तूवर ठेवला की फुगतो, चिकटतो आणि तिला वर उचलतो, थोड्या वेळाने फुटतो. जड दगडाला एक पुरत नाही, एकामागून एक लावावे लागतात, आणि ते पटापट, कारण पहिला फुटायच्या आत शेवटचा लागला पाहिजे. रिमोट बॉम्बला बलून लावला की बॉम्ब तरंगत जातो. वाऱ्याची दिशा पाहून सोडा, वारा पडलेला असेल तर कोरोक लीफ या मोठ्या पानाने वारा घालून ढकला, आणि बोकोब्लिन शत्रूंच्या मचाणावर पोचला की फोडा.