भिंतीकडे तोंड करून बसा

ठाण्याला नौपाड्यात सोसायटीच्या हॉलमध्ये मी कथक शिकवते. प्रारंभिकपासून मध्यमापर्यंतच्या परीक्षांना बसणाऱ्या मुली, निकाल दरवर्षी चांगले, खालच्या मजल्यावरच्या काकांची तक्रारही दरवर्षी. एकूण बरं चाललं होतं. मग मोठ्या मुलींवर मंच प्रदर्शनाची, म्हणजे परीक्षेत साथीदारांबरोबर मंचावर नाचायची, वेळ आली. मला ते प्रकरण नवीन. वाशीला शिक्षकांसाठी दोन रविवारांची कार्यशाळा आहे असं कळलं. खरं सांगायचं तर मी गेले ती प्रमाणपत्रासाठी.

येताना प्रत्येकीनं एक विद्यार्थिनी आणायची होती. मी माझी सगळ्यात तयार मुलगी नेली. ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये तिला नाचाचा अख्खा क्रम पुन्हा म्हणायला लावला, शेजारच्या बायका बघत होत्या. कौतुक करून घ्यायच्याच तयारीत होते मी.

तिथल्या बाईंनी मला सुरुवातीलाच सांगितलं, "मॅडम, तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा."

थाट झाला, आमद झाली, म्हणजे सुरुवातीचे तुकडे झाले. पहिल्याच तिहाईला (एकच बोल तीनदा घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं) मुलगी समेच्या आधी येऊन थांबली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती रडायलाच लागली. वर्गात हीच तिहाई ती गप्पा मारत मारत करते! बाई म्हणाल्या, "ती ताल धरत नाहीये, तुम्हाला धरतेय."

मला राग आला. घरी येऊन वर्गाचं चित्रीकरण केलं, मोबाईल मुलींकडे नाही तर माझ्याकडे लावून. तीनतालाच्या सोळा मात्रांत तेराव्या मात्रेच्या टाळीला माझी हनुवटी वर जाते. तिहाई उचलायच्या आधी मी मोठा श्वास घेते. खालीला, म्हणजे नवव्या मात्रेला, जिथे टाळी न देता हात फिरवतात, माझा हात मांडीवरून आपोआप उलटा होतो. मुली हेच बघून नाचत होत्या, आणि परीक्षेत मी परीक्षकांच्या शेजारी बसणार नव्हते.

हे नीट समजून घ्या, कारण सगळं इथेच अडतं. पाच मात्रांचा बोल तीनदा, मध्ये दोनदा एकेक मात्रेचा दम, म्हणजे थांबा. पाच, एक, पाच, एक, पाच, म्हणजे सतरा. तीनतालात समेपासून उचलली तर सतरावी मात्रा पुढच्या आवर्तनाची सम. लेखी पेपरात हे माझ्या सगळ्या मुलींना येतं. पण त्यातल्या एकीला विचारलं, "आता खालीपासून तिहाई घे," तर ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. नवव्या मात्रेपासून सम धरून नऊच मात्रा उरतात, म्हणजे तीन मात्रांचा बोल तीनदा, दम नाही. हे तिनं स्वतः मोजायला हवं. तुम्ही सांगितलंत की ते पुन्हा तुमचंच झालं. आणि रूपक ताल तर आणखी फसवा, तिथे सम म्हणजेच खाली, टाळीची वाट बघणारी मुलगी हमखास गडबडते.

आता मी आठवड्यातून एक तास पाठ फिरवून बसते. मुलगी आधी हातावर टाळी-खाली देत पढंत करते, म्हणजे बोल तोंडानं म्हणते, मग नाचते. चुकली तर मी बोलत नाही. हे फार अवघड आहे. जीभ चावून बसावं लागतं. पहिले दोन महिने सगळं बिघडल्यासारखं दिसेल, पालक विचारतील, घाबरू नका. तुम्ही वाईट शिक्षिका आहात असं काही नाही. विद्यार्थिनीबरोबर स्वतः नाचणारी ताई मुलींना सगळ्यात लाडकी असते, आणि तीच त्यांना पांगळं करते. मी होतेच तशी.

दुसरी गोष्ट फोनवरच्या लेहऱ्याची, म्हणजे ताल दाखवत सतत वाजणाऱ्या सुरावटीची. तो कधी हलत नाही. माणूस हार्मोनियमवर बसला की लय किंचित तरी चढते, तबलजीनं ठेक्यात, म्हणजे तालाच्या ठरलेल्या बोलांत, जास्तीचे बोल भरले की मुलगी त्यातच अडकते. परीक्षेआधी निदान तीन-चार वेळा खऱ्या साथीदारांबरोबर बसा. त्यांचे पैसे पालकांकडून मागायला लाजू नका. पोशाखावर खर्च करतातच की ते.

आणि कृपा करून तयार क्रम विकत घेऊ नका. दहावीच्या वाढीव गुणांसाठी 'दोन महिन्यांत बसवून देतो' म्हणणारे ठाण्यात पुष्कळ आहेत. थाट, आमद, तोडे, परण, गतनिकास, सगळं एका साच्यातलं. परीक्षकांनी मध्येच थांबवून "हाच तुकडा दुप्पट लयीत म्हणून दाखव" म्हटलं की संपलं.

बारीकसारीक गोष्टी राहिल्याच. लाद्यांवर चक्कर घेणाऱ्या मुलीला लाकडी मंचावर पाय वेगळा लागतो, एकदा तरी मंचावर नेऊन आणा. घुंगरांची दोरी नवी नको, गाठ सुटते. माझ्या त्या मुलीची परीक्षा डिसेंबरात आहे. परवाच्या तासाला तिची सम दोनदा बरोबर आली, तिसऱ्यांदा गेली. मी मागे वळून बघितलं, ते बघायला नको होतं.