नाव ‘नी किकर’, पण गुडघा लावायचा नाही

कार्पेटच्या कामाला नवा लागलेला पोरगा भेटला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. किकर, म्हणजे कार्पेट पुढे ढकलायचं हत्यार, कुठल्या कंपनीचा घेऊ? कुठलाही घ्या. दातांना धार असली, मागची गादी फाटलेली नसली आणि नळी मधेच सटकत नसली की झालं. विचारायचंच असेल तर किकर अंगाच्या कुठल्या भागाने मारायचा ते विचारा. मी विचारलं नव्हतं. ते माझा उजवा गुडघा अजून भोगतो आहे.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. आयटीआयला फिटर केलं आणि खाणीच्या टिप्परांच्या गॅरेजमध्ये लागलो. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या, टिप्पर दारादारात उभे राहिले आणि गॅरेजला कुलूप लागलं. मावसभाऊ एका इंटिरियरवाल्याकडे फॉल्स सीलिंग करायचा. तो म्हणाला, ये, कार्पेटला माणूस हवा आहे. पान्याला सरावलेला हात आहे, कार्पेट म्हणजे काय मोठं, असं मला वाटलं. त्या माजाची किंमत पुढे सांगतोच.

गोव्यात घरांना कोण कार्पेट लावतो? इथे फरशी, नाहीतर जुन्या घरांत कोबा. आपलं काम म्हणजे हॉटेलांचे बँक्वेट हॉल, कॉन्फरन्स रूम, एखादं प्रेक्षागृह. आणि हॉटेलवाले डागडुजी काढतात ती पावसात, कारण तेव्हा पाहुणे कमी. म्हणजे ज्या चार महिन्यांत कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, त्याच महिन्यांत आपण भिंत ते भिंत कार्पेट ताणायचं. मुंबई-पुण्याकडच्या व्हिडिओंत हे कोणी सांगत नाही.

किकर तुम्ही पाहिलाच असेल. पुढे दातांचं डोकं, मध्ये कमी-जास्त होणारी नळी, मागे गादी. दात दोन तऱ्हेचे असतात. बारके, दाट दात फक्त लव धरतात. लांब दात खालीवर करता येतात आणि ते कार्पेटच्या पाठीपर्यंत जातात. लांब दात किती बाहेर काढायचे ते कापलेल्या तुकड्यावर आधी बघून घ्या. पाठीत रुतले पाहिजेत, खालच्या अंडरलेमध्ये, म्हणजे कार्पेटखाली घालतात त्या मऊ थरात, घुसता कामा नयेत. जास्त काढले तर अंडरलेही ओढला जातो, कमी काढले तर किकर लवेवरून घसरतो आणि लव उपटून हातात येते. डोकं वरून तळव्याने दाबून मगच मारायचं. हे दोन दिवसांत जमतं.

आता मुख्य गोष्ट. जरा लांबवणार आहे, सहन करा.

हत्याराच्या नावात ‘नी’ आहे, म्हणून मी गुडघा मारला. सरळ वाटीवर. पहिल्या दिवशी काही वाटलं नाही. कार्पेट पुढे सरकत होतं, भिंतीकडेच्या ग्रिपर पट्टीच्या खिळ्यांत अडकत होतं, मला तर मजाच येत होती. आमच्याबरोबर वेंगुर्ल्याचे एक म्हातारे मेस्त्री होते. ते लांबूनच ओरडले, “अरे, ढोपरान नको मारू, मांडीन मार!” मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतो आहे. ते उठून जवळ आले नाहीत आणि मीही विचारायला गेलो नाही. मेस्त्री लोकांची ही जात मला आजही पटत नाही. वाक्य फेकतात, हात धरून दाखवत नाहीत, आणि वर म्हणतात आजकालच्या पोरांना शिकायचं नाही.

मारायची जागा म्हणजे वाटीच्या वर चार बोटं, मांडीचा खालचा मांसल भाग. तिथे धक्का मांस झेलतं. वाटीवर धक्का हाड झेलतं, आणि वाटीच्या पुढे कातडीखाली पाण्याची एक पातळ पिशवी असते, ती सुजते. हे वाचून कळतं, पण अंगात उतरत नाही, कारण चूक पायाच्या आधी बसण्यात झालेली असते. टाचांवर मागे बसून पाय पुढे फेकला की वाटीच आधी पोचणार, तुम्ही मनात कितीही मांडी म्हणा. दुसरा गुडघा पॅडवर टेकवा, कमरेतून पुढे वाका, वजन किकरच्या डोक्यावर ठेवलेल्या हातावर घ्या, म्हणजे मारणारी मांडी बरीचशी उभी राहते. नळीची लांबी त्या बैठकीत बसून लावा. आधीच्या माणसाने लावलेली लांबी तशीच वापरू नका. माझी चूक निम्मी तिथेच होती. माझ्या आधी तो किकर माझ्याहून वीतभर उंच माणूस वापरत होता आणि मी नळीला हातही लावला नव्हता.

एक करून बघा. गादीला खडूची पूड फासा, दहा वेळा मारा आणि उठून पँट बघा. पांढरा डाग वाटीवर असेल तर थांबा, बैठक बदला, पुन्हा दहा मारा. डाग वर सरकेपर्यंत कामाला हात लावू नका. लोक हसतील, हसू देत. मी हे शोधलं ते चार महिन्यांनी, म्हणजे म्हापशाच्या डॉक्टरांनी सुईने गुडघ्यातलं पिवळसर पाणी काढून मला सिरिंज दाखवल्यावर. “फरशी पुसता का?” त्यांनी विचारलं होतं.

नुसती माझी रड नाही ही. अमेरिकेतल्या निऑश या सरकारी संस्थेने १९९० मध्ये कार्पेट बसवणाऱ्यांच्या गुडघ्यांविषयी खास इशारा काढला होता. तिथल्या कामगारांत कार्पेटवाले ०.०६ टक्क्यांहूनही कमी, पण गुडघा सुजल्याच्या भरपाईच्या दाव्यांत त्यांचा वाटा ६.२ टक्के. किकरच्या एका फटक्याचा जोर शरीराच्या वजनाच्या चौपट भरला. एक खोली घालताना असे शंभरावर फटके बसतात. हिशेब तुम्हीच करा.

पण घाबरून काम सोडू नका. फटके इतके बसतात त्याचं कारण किकर वाईट आहे हे नव्हे. जे काम त्याचं नाही ते आपण त्याच्याकडून करून घेतो. किकर कार्पेट जागेवर सरकवण्यासाठी आणि पट्टीच्या खिळ्यांत अडकवण्यासाठी असतो. ताण द्यायचा तो पॉवर स्ट्रेचरने. लांब नळ्या जोडून त्याचं शेपूट समोरच्या भिंतीला टेकवायचं, दातांचं डोकं या भिंतीपासून वीतभर अलीकडे ठेवायचं आणि दांडा दाबायचा. गुडघ्याचा संबंधच नाही. शेपटाखाली लाकडाची फळी आडवी ठेवा. चिऱ्याच्या जुन्या भिंतीचं गिलाव पोकळ असतं, दाबाने थेट खपला निघतो आणि मग त्याचे पैसे तुमच्या रोजातून जातात.

स्ट्रेचर महाग, म्हणून छोटे कंत्राटदार तो घेत नाहीत आणि पोरांच्या हातात तीन किकर देतात. मीही अशाच एकाकडे होतो. जुलै महिना, कळंगुटच्या बाजूचं हॉटेल, ११ मीटर लांबीचा हॉल. एसीचं काम अर्धवट, खिडक्या उघड्या, बाहेर धो धो. कार्पेटचा रोल ताडपत्रीतून संध्याकाळी उतरला आणि रात्रीच आम्ही उलगडायला घेतला. खरं म्हणजे रोल उलगडून एक-दोन दिवस त्याच हवेत ठेवायचा असतो, ज्या हवेत तो पुढे राहणार आहे. म्हणजे एसी चालू करून. पण चवथीच्या आधी हॉल द्यायचा होता. तिघांनी दोन दिवस लाथा घातल्या. सोपवला तेव्हा कार्पेट पोळीसारखं सपाट दिसत होतं, मी फोटोही काढला.

चवथ आटपून मी घरून परतलो तर हॉलच्या मध्यात तीन लाटा. ओहोटीला वाळूवर उठतात तशा, लांबच लांब. वेटरची ट्रॉली त्यांवर अडकून कप सांडले होते. कंत्राटदाराने सगळ्यांसमोर सांगितलं, हा नवा पोरगा आहे, त्याचं काम. दमट हवेने कार्पेट सैलावतं हे त्याला माहीत नव्हतं असं मला वाटत नाही.

दुरुस्तीला तेच वेंगुर्ल्याचे मेस्त्री आले, ओळखीच्या कुणाकडून स्ट्रेचर मागून. एसी दोन दिवस चालवला. मग त्यांनी कार्पेटवर खडूने बरोबर १ मीटर अंतरावर दोन खुणा केल्या. दांडा दाबून अडकवल्यावर पुन्हा टेप धरला. खुणांमध्ये १०१ सेंटिमीटरहून थोडं जास्त. “ह्यां बघ,” एवढंच म्हणाले. बहुतेक कार्पेटांना लांबी आणि रुंदी दोन्हीकडे साधारण एक ते दीड टक्का ताण लागतो. ११ मीटरला अकरा ते सोळा सेंटिमीटर. भिंतीपाशी कापून पडलेली पट्टी मी मोजली, बारा सेंटिमीटर भरली. म्हणजे दोन दिवसांच्या आमच्या लाथांनी त्या हॉलला जवळजवळ काहीच ताण दिला नव्हता. माझ्या गुडघ्यात भरलेलं पाणी फुकट गेलं होतं.

त्यामुळे किकर जोरात मारावासा वाटला की थांबा. जोर लागतो आहे याचा अर्थ तुम्ही त्याच्याकडून स्ट्रेचरचं काम मागताय. बरोबर मारलेल्या किकरचा आवाज मऊ येतो, दबका, उशी झटकल्यासारखा.

बाकीचं थोडक्यात, कारण ते चुकलं तरी सुधारता येतं. ग्रिपर पट्टीचे खिळे भिंतीकडे झुकलेले हवेत, आणि पट्टी व भिंत यांत कार्पेटच्या जाडीहून किंचित कमी फट हवी, म्हणजे कापलेली कडा आत खोचता येते. अंडरले पट्टीला टेकला पाहिजे, वर चढता कामा नये. फरशीवर पट्टी ठोकायला जाऊ नका, टाइल फुटेल. तिथे चिकटवायची आणि रात्रभर सुकू द्यायची. नव्या कोब्यावर आदल्या दिवशी प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून ठेवा. दुसऱ्या दिवशी खालून घाम आला असेल तर ‘आज नाही’ म्हणायचं. सांध्याच्या दोन्ही तुकड्यांची लव एकाच दिशेला हवी. सांधा चिकटवायची इस्त्री जास्त वेळ एका जागी ठेवू नका. आणि ज्याला ताणायचा कंटाळा येतो तो कडेला फेव्हिकॉल फासतो, अशा माणसाच्या हाताखाली शिकू नका. पुढच्या वेळी ते कार्पेट उचलताना त्याची पाठ जमिनीलाच राहते आणि खरवडत बसता तुम्ही.

व्हिडिओ बघा, वाईट नाहीत. पण त्यांत माणूस तीन वेळा मारतो आणि कॅमेरा पुढे जातो. तुम्हाला संध्याकाळपर्यंत मारायचं आहे.

काही ठिकाणी मात्र किकर एकटाच पुरतो. जिना, कपाटाच्या आतली जागा, चिंचोळा पॅसेज, जिथे स्ट्रेचर आडवा मावत नाही तिथे तोच लागतो, आणि ताणायची लांबीही थोडी असते. मला जिन्याचं काम आवडतं. पायरीच्या खाचेत कार्पेट बसलं की टक् असा एक आवाज येतो, तो ऐकला की पुढची पायरी घ्यायची.

गुडघा आता बरा आहे. देवळात मांडी घालून बसता येतं, फक्त उठताना खांब धरावा लागतो. मेस्त्री आता काम करत नाहीत, वेंगुर्ल्याला असतात. गेल्या मे महिन्यात आंबे घेऊन भेटायला गेलो. मी म्हटलं, मेस्त्री, तेव्हा जवळ येऊन दाखवलं असतंत तर? त्यांनी लेंगा वर करून स्वतःचे दोन्ही गुडघे दाखवले. वाटीवरची कातडी उंटाच्या गुडघ्यासारखी, काळी आणि जाड. “माका तरी खंय कोणी दाखवलेलां?” म्हणाले, आणि आंबा पिळायला घेतला.